गाळाचा दगड

कुरकुंभच्या एमआयडीसीतून घातक कचऱ्याचा ट्रक निघतो तेव्हा मालाबरोबर फॉर्म दहा जातो. एकाच मजकुराच्या सात प्रती, प्रत्येकीचा रंग वेगळा. पांढरी प्रदूषण नियंत्रण मंडळाची, पिवळी पाठवणाऱ्या कारखान्याने ठेवायची. राखाडी लागते ती माल परराज्यातून आला असेल तरच. दौंड तालुक्यातून हा ट्रक पाटस, चौफुला करत केडगाव-न्हावऱ्याच्या बाजूला वळतो, भीमा ओलांडतो आणि शिरूर तालुक्यात रांजणगावला पोचतो. महागणपतीच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या त्याच्या मागेपुढे असतात. त्या ट्रकात काय आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं, आणि खरं तर ट्रकवाल्यालाही फार नसतं. त्याच्या दृष्टीने तो ‘पस्तीस पॉइंट तीन’ असतो.

३५.३ हा घातक कचऱ्याच्या यादीतला क्रमांक. सांडपाणी शुद्ध केल्यावर खाली जो रासायनिक गाळ बसतो, तो हा. कारखान्यातली माणसं त्याला ‘ईटीपीचा स्लज’ म्हणतात. फिल्टर प्रेसमधून तो निघतो तेव्हा ओल्या मातीच्या जाड पापडासारखा दिसतो. रंग तपकिरी, हिरवट, कधी राखाडी. हिरवट असेल तर बहुधा क्रोमियम किंवा निकेल. यादीत त्याच्या आधी १२.५ हा आकडा येतो, तो फॉस्फेट स्लजचा. गाडीचा सांगाडा असो की वॉशिंग मशीनचा पत्रा, रंग देण्याआधी तो जस्ताच्या फॉस्फेटच्या टाकीत बुडवतात, म्हणजे रंग धरतो आणि गंज लागत नाही. टाकीच्या तळाशी जे साचतं ते जस्त, लोखंड आणि फॉस्फेट यांचं लगद्यासारखं मिश्रण. मोटारी आणि घरगुती यंत्रं बनवणाऱ्या वसाहतीत हा गाळ निघणारच. रांजणगाव तशी वसाहत आहे. कुरकुंभ मुख्यतः औषधं आणि रसायनांची. भीमेच्या दोन अंगांच्या या दोन वसाहतींचा कचरा स्वभावाने वेगळा आहे आणि पुढची सगळी गोष्ट त्या वेगळेपणातून आली आहे.

औषध कारखान्याचा कचरा मुख्यतः सेंद्रिय. ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात तळाला उरलेलं डांबर, वापरून खराब झालेली द्रावकं. हे जळतं. नीट भट्टीत, पुरेशा तापमानाला जाळलं तर त्याचा रेणूच मोडतो. धातूचं तसं नाही. क्रोमियम जाळा, पुरा, पाण्यात विरघळवा, पुन्हा साका करा. ते क्रोमियमच राहतं. धातूच्या कचऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: कुठेतरी पुरून त्यावर पहारा ठेवायचा, नाहीतर ज्यातून तो सुटू शकणार नाही अशा वस्तूत त्याला कोंडायचं. अशी वस्तू माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. ती काच.

पुणे जिल्ह्याला काच नवी नाही. १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योगाला भांडवल उभं करायची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिलं आणि जपान-अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय पहिल्या वर्षांत कारखान्याच्या कामाला लागले. तळेगावात हात तयार झालेले कारागीर पुढे देशभर पांगले. या कारखान्याची आठवण स्वदेशीच्या भाषणांत नेहमी निघते. मला त्यातली दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. काच करणाऱ्याला कच्च्या मालाची फार काटेकोर ओळख लागते. वाळूत लोह थोडं जास्त आलं तर काच हिरवी होते. सोडा कमी पडला तर वितळत नाही, जास्त झाला तर तयार काचेला पाणी लागतं. भट्टी कितीही चांगली असली तरी आत काय घातलं हे माहीत नसेल तर बाहेर काय येईल ते सांगता येत नाही. तळेगावच्या कारागिराला हे अनुभवाने कळलेलं होतं. शंभर वर्षांनी शिरूर तालुक्यात अडलं ते इथेच.

आता थोडं मागे आणि दूर जायला हवं. १७३९ साली फ्रान्समध्ये रेओम्युर नावाच्या शास्त्रज्ञाने साध्या काचेच्या बाटल्या वाळू आणि जिप्समच्या मिश्रणात गाडून बराच काळ भट्टीत ठेवल्या. बाहेर आल्या त्या काचेच्या नव्हत्या. दुधट, अपारदर्शक, चिनी मातीसारख्या झाल्या होत्या. काचेतल्या अणूंना ठरावीक रचना नसते. त्या बाटल्यांना पुरेशी उष्णता आणि पुरेसा वेळ मिळाल्यावर अणू शिस्तीत उभे राहिले, स्फटिक झाले. मात्र बाटल्या मऊ पडून आकार सोडायच्या आणि स्फटिक बाहेरून आत असे ओबडधोबड वाढायचे. पुढची दोनशे वर्षं हा प्रकार गमतीपुरताच राहिला.

१९५३ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी काचेचा एक तुकडा ६०० अंश सेल्सियसला तापवत होते. भट्टीचा ताबा सुटला आणि तापमान ९०० वर गेलं. भट्टीच्या तळाशी वितळलेला गोळा मिळणार असं धरून त्यांनी दार उघडलं, तर तुकडा आकार न बदलता पांढरा होऊन पडलेला. चिमट्यातून तो निसटून फरशीवर आपटला, खणखणला, पण फुटला नाही. त्या काचेत चांदीचे अतिसूक्ष्म कण होते. प्रत्येक कण स्फटिकाचं बीज झाला आणि कोट्यवधी बारीक स्फटिक एकदम, सगळीकडे सारखे वाढले. ग्लास-सिरॅमिकचा जन्म असा झाला. पुढे १९५८ मध्ये कॉर्निंगची शेगडीवरून फ्रीजमध्ये आणि फ्रीजमधून शेगडीवर ठेवता येणारी पांढरी भांडी बाजारात आली आणि त्याच जातीचा पदार्थ क्षेपणास्त्रांच्या टोकाला लागला.

काच वितळवून ओतायची, आकार द्यायचा, मग तिला दोन टप्प्यांत पुन्हा तापवायचं. पहिल्या टप्प्यात बीजं तयार होतात, दुसऱ्यात स्फटिक वाढतात. हाती येते ती वस्तू काचेहून कणखर, चिनी मातीहून घट्ट, जवळजवळ छिद्रहीन.

कॉर्निंगवाल्यांनी शुद्ध कच्चा माल वापरला. कचरा घालून हेच करायचं डोकं सोव्हिएत संघात चाललं. मॉस्कोच्या मेंडेलेयेव संस्थेत किताइगोरोद्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोखंडाच्या झोतभट्टीतली धातुमळी, म्हणजे स्लॅग, घेतली. तिच्यात वाळू आणि थोडी इतर द्रव्यं मिसळली, बीजासाठी लोखंड, मँगनीज किंवा जस्ताचे सल्फाइड ठेवले. १९६०च्या दशकात युक्रेनमधल्या कोन्स्तान्तिनोव्का इथल्या काच कारखान्यात त्याचे सलग रुंद तक्ते निघू लागले. नाव ठेवलं स्लॅगसिटाल. जस्ताचं सल्फाइड असलं तर पांढरा, लोखंडाचं असलं तर काळा. कारखान्यांची फरशी, रासायनिक टाक्यांचं अस्तर, भिंतींची सजावट यांसाठी तो वापरला गेला. ब्रिटनमध्येही तेव्हाच पोलाद उद्योगाच्या संशोधकांनी स्लॅगसेराम नावाचा भाऊबंद तयार केला आणि नंतर लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये सिलसेराम झाला. त्याच्या कृतीत क्रोमियम ऑक्साइड आणि लोह ऑक्साइड मुद्दाम घातलेली होती.

इथे जरा थांबायला हवं. क्रोमियमचा ऑक्साइड वितळलेल्या सिलिकेट काचेत फार कमी विरघळतो. थोडं प्रमाण वाढलं की तो लोखंडाला धरून स्पिनेल नावाचे इवलाले, अत्यंत टणक स्फटिक बनवतो. बाकीच्या पदार्थाला त्यांच्याभोवती जमायला हीच बीजं मिळतात. म्हणजे प्लेटिंगच्या गाळात ज्याच्या नावाने मंडळ नोटीस काढतं, तेच मूलद्रव्य या धंद्यात मुद्दाम विकत घेऊन घालतात. अट एकच, ते सहा संयुजी अवस्थेतून तीन संयुजीत आलेलं असलं पाहिजे. सहा संयुजी क्रोमियम पाण्यात विरघळतं आणि विषारी असतं.

स्पिनेलभोवती जे स्फटिक वाढतात ते पायरॉक्सीन. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि सिलिका यांचं हे खनिज आपल्या पायाखाली मुबलक आहे. शिरूर काय, दौंड काय, सगळा दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झाला आणि त्याच्या मुख्य खनिजांत पायरॉक्सीन आहे. युरोपात विसाव्या शतकात बेसॉल्ट वितळवून, ओतून, हळूहळू निववून त्याच्या फरश्या आणि पाइप करायचा धंदा चालू झाला; राख आणि दगड वाहून नेणाऱ्या नळ्यांना आतून हे अस्तर लावतात, कारण ते झिजत नाही. १९७०च्या दशकात कॉर्निंगच्याच जॉर्ज बील आणि त्यांच्या सहकाऱ्याने बेसॉल्टच्या काचेतून ग्लास-सिरॅमिक कसं होतं ते दाखवून दिलं. लोखंड जास्त असलेला औद्योगिक कचरा, वाळू आणि चुनखडी यांचं मिश्रण योग्य प्रमाणात वितळवलं की रासायनिक घडण बेसॉल्टच्या जवळ जाते. रांजणगावच्या गाळाचा उत्तम शेवट, निदान कागदावर, रांजणगावच्या खडकासारखा होणं हा आहे.

कागदावरून जमिनीवर यायचं तर १९८४ पासून सुरुवात करावी लागते. भोपाळनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच्याखाली १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम. नियम आले, पण माल न्यायचा कुठे? देशात तशी जागाच जवळजवळ नव्हती. कारखान्यांच्या मागच्या अंगणात गाळाचे ढीग साठत राहिले, आणि ज्यांच्याकडे अंगण नव्हतं त्यांचा गाळ रात्री कुठे गेला हे ओढ्यांना माहीत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात या प्रश्नावर जनहित याचिका दाखल झाली. १९९७ मध्ये न्यायालयाने एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली. त्या समितीच्या अहवालावर ऑक्टोबर २००३ मध्ये सविस्तर आदेश झाला आणि सामायिक प्रक्रिया केंद्रं उभारण्याला जोर आला. महाराष्ट्रात तळोजा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं महापे, नागपूरजवळचं बुटीबोरी आणि शिरूर तालुक्यातलं रांजणगाव अशी ठिकाणं ठरली. रांजणगावचं केंद्र महाराष्ट्र एन्व्हायरो पॉवर या कंपनीकडे आलं. पाठीमागे नागपूरची एसएमएस इन्फ्रास्ट्रक्चर.

या केंद्राची गोष्ट वेगळी झाली ती प्लाझ्मामुळे. १९६०च्या दशकात अपोलो यानाची उष्णतारोधक ढाल जमिनीवर तपासायला वेस्टिंगहाउसने विजेच्या कमानीतून वायू सोडून हजारो अंशांची ज्वाला फेकणारे टॉर्च बनवले होते. चंद्राची मोहीम संपली, टॉर्च उरले. नव्वदच्या दशकात हिताची मेटल्सने जपानात त्यांच्यावर कचरा गॅसिफाय करायचा प्रयोग केला आणि होक्काइदोतल्या उताशिनाईला २००३ मध्ये मोठा प्रकल्प सुरू झाला. त्याच तंत्राची भट्टी रांजणगावला आली, दिवसाला ७२ टन घातक कचऱ्याची, वीज सुमारे १.६ मेगावॅट निघावी अशा अपेक्षेने. जुळं भावंड बुटीबोरीला. एकविसाव्या शतकाचं पहिलं दशक संपत आलं होतं. घातक कचऱ्यासाठी प्लाझ्मा वापरायचा इतका मोठा प्रयत्न जगात तेव्हा फारच थोड्या ठिकाणी झाला होता, आणि तो अष्टविनायकातल्या एका गावाशेजारी होत होता.

भट्टी कशी चालते ते जवळून पाहण्यासारखं आहे. उभ्या कोठीत तळाला कोकचा थर धगधगत असतो, त्यातच टॉर्च घुसवलेले. वरून कचरा, कोक आणि चुनखडी पडते. प्राणवायू मोजूनमापून, जाळ होणार नाही इतकाच. सेंद्रिय भाग मोडून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचा वायू होतो आणि वरून निघून जातो. असेंद्रिय भाग, म्हणजे माती, गंज, धातूंचे ऑक्साइड, चुनखडीत मिसळून वितळतो आणि तळाच्या तोंडातून दीड हजार अंशांच्या वरच्या धारेने बाहेर वाहतो. पाण्यात पडला की काळी काचेची खडी होते. तीच सावकाश निवली तर ग्लास-सिरॅमिकच्या दिशेने जाते. या टप्प्यावर कोन्स्तान्तिनोव्का आणि रांजणगाव यांच्यात फक्त एक नियंत्रित तापमानाची भट्टी उरते.

आणि कच्च्या मालाची ओळख. सोव्हिएत कारखान्याकडे येणारी धातुमळी एकाच जातीच्या झोतभट्टीतून, वर्षानुवर्षं जवळजवळ तीच. रांजणगावला येतो तो अनेक कारखान्यांचा ड्रमांचा मेळा. आज कुरकुंभचं डांबर, उद्या कुठला वापरून झालेला उत्प्रेरक, परवा रंगाचा चिकट गाळ, त्याच्यामागून क्लोरीन असलेलं काहीतरी. क्लोरीन आलं की वायू धुण्याच्या यंत्रणेवर ताण येतो. जस्त, शिसं आणि कॅडमियम अशा तापाला काचेत न बसता वाफ होऊन निघतात आणि पुढे राखेच्या बारीक धुळीत पकडावे लागतात. पारा तर काचेत जायचा प्रश्नच नाही. प्लाझ्मावाले म्हणतात की काहीही टाका, आम्ही वितळवतो. ते खरंच आहे. पण वितळणं निराळं आणि दर आठवड्याला तीच फरशी काढणं निराळं. शिवाय प्लाझ्माला ज्वलनक्षम माल लागतो, कारण त्यातूनच वायू आणि वीज. ज्या गाळात जळण्याजोगं काहीच नाही त्याला वितळवायची सगळी उष्णता विकत घ्यावी लागते. म्हणून शुद्ध धातूचा गाळ बहुतेक वेळा सिमेंट, चुना किंवा राख मिसळून स्थिर केला जातो, त्याची झिरप चाचणी होते आणि तो लँडफिलच्या कोशात जातो. कोशाखाली दाबलेली चिकणमाती आणि जाड प्लॅस्टिकची अस्तरं, त्यांच्यामध्ये झिरप गोळा करणाऱ्या नळ्या. शास्त्र नीट पाळलं तर ही वाईट व्यवस्था नाही. तिचा दोष हा की तिचा पहारा कधीच संपत नाही.

उताशिनाईचा प्रकल्प २०१३ मध्ये बंद पडला. तिथे कचराच पुरेसा मिळेना. इंग्लंडमध्ये टीसाइडला एअर प्रॉडक्ट्सने प्रचंड पैसा ओतून २०१६ मध्ये दोन प्लाझ्मा प्रकल्पांतून अंग काढून घेतलं. टिकून राहिलं ते फ्रान्समधलं मॉरसाँ. तिथे प्लाझ्मा टॉर्चने ॲस्बेस्टॉस वितळवतात, दगडासारखा पदार्थ निघतो आणि रस्त्याखाली भरावात जातो. एकच प्रकारचा कचरा, आणि तो स्वीकारायची घसघशीत फी देणारे ग्राहक. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातला धडधडीत पुरावा तो आहे.

दुसरा पुरावा आपल्याच राज्यात आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापूरला आणि २००२ पासून तुर्भ्यालाही अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेतला तीव्र किरणोत्सारी द्रव कचरा काचेत बंद करायचं काम वर्षानुवर्षं चालवलं. तुर्भ्याच्या कचऱ्यात सल्फेट जास्त होतं आणि नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेत ते सामावत नाही, वेगळा थर होऊन तरंगतं. तेव्हा शास्त्रज्ञांनी काचेची कृतीच बदलली, तिच्यात बेरियम आणलं. पुढे याच कचऱ्यातून सीझियम वेगळं काढून काचेच्या कांड्या बनवल्या आणि त्या रक्तपेढ्यांत रक्त किरणित करायच्या यंत्रांत बसवल्या. कचऱ्यापासून विकण्याजोगी वस्तू इतकी चोख क्वचितच झाली असेल. तिथे कचऱ्याच्या प्रत्येक घटकाचं मोजमाप आहे आणि खर्चाचा हिशोब बाजार करत नाही. शिरूरच्या गाळाला यातलं एकही मिळत नाही.

काचेच्या या वाटेला प्रतिस्पर्धीही भक्कम आला. सिमेंटची भट्टी आधीच चौदाशे अंशांच्या वर तापलेली असते. तिच्यात थोडा गाळ घातला तर धातू क्लिंकरमध्ये अडकतो, वेगळी वीज लागत नाही आणि राख उरत नाही. गेल्या दीड दशकात केंद्रीय मंडळाने या वाटेला मार्गदर्शक सूचना देऊन चालना दिली. ग्लास-सिरॅमिकची प्रयोगशाळेतली कामं मात्र सुरूच आहेत. १९५०च्या ऑगस्टमध्ये उघडलेली कलकत्त्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था धातुमळीवर दीर्घकाळ काम करत आलेली आहे. लागणारी सिलिका शिरूर-दौंडात उसाच्या रूपाने शेतातच उगवते, कारण साखर कारखान्यांच्या बॉयलरमधल्या बगॅसच्या राखेत सिलिकाचं प्रमाण मोठं असतं. ही राख घेऊन जा म्हणणारे कारखानदार तुम्हाला दोन्ही तालुक्यांत भेटतील.

२०१६च्या नियमांतला नववा नियम या कामासाठीच आहे. घातक कचरा कच्चा माल म्हणून वापरायचा तर मंडळाची परवानगी, चाचणी उत्पादन, निघालेल्या वस्तूची झिरप तपासणी आणि मग त्या वापरापुरती ठरलेली कार्यपद्धती. परवानगी मिळते ती एका ठरावीक कारखान्याचा ठरावीक गाळ एका ठरावीक वस्तूसाठी वापरायला. सगळ्यांचा सगळा गाळ घेणाऱ्या भट्टीची कल्पना त्यात बसत नाही. रांजणगावच्या एखाद्या रंगशाळेतला फॉस्फेट स्लज, ज्याची घडण वर्षभर फारशी हलत नाही, तो या नियमात बसू शकेल. त्यातही फॉस्फेट काचेत किती मावतं ते आधी पाहावं लागेल, आणि झीज सोसणारी फरशी घ्यायला शेजारचाच एखादा साखर किंवा रसायन कारखाना तयार आहे का, हे त्याच्याही आधी.